पोत्याच्या तळाचे दाणे

त्या आठवड्यात मला दोन कॉलेजांनी बोलावलं आणि आमच्या घरात कोणतीच गोष्ट वेळेवर होईनाशी झाली. दूध उतू जायचं, बैलांना पाणी दाखवायचं राहून जायचं, आणि बाबा शेतात निघताना एक चप्पल स्वतःची आणि एक आईची घालून निघायचे. तोवर आमच्या घराण्यात कॉलेजनं कुणाला बोलावलेलं नव्हतं. आईबाबा दोघंही गावच्या शाळेपुरते शिकलेले, आणि मी त्यांची एकुलती एक. बारावीत मला बरे गुण पडले होते, पण बरे म्हणजे किती बरे हे घरात कुणालाच नेमकं ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. सतरा वर्षांची होते आणि कुणीतरी आपल्याला बोलावतंय एवढ्यानंच माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

आमचं गाव आसेगावच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत. घर चक्कीला लागून. सकाळी सातला चक्की सुरू व्हायची आणि तिच्या पट्ट्याच्या फटफटीत एकमेकांचं ऐकू यावं म्हणून आम्ही तिघंही ओरडून बोलायला शिकलो होतो. चक्की बंद असली तरी ती सवय जात नसे. त्यामुळे आमच्या घरात गुपित म्हणून काही राहतच नव्हतं. पिठाचा डबा डोक्यावर घेऊन जाणारी बाईसुद्धा आमच्या वादात आपलं मत टाकून पुढे जायची, आणि ते मत बऱ्याचदा बरोबरही असायचं. आजही मी फोनवर बोलले की माझा नवरा बाहेर अंगणात जाऊन बसतो. तिथेही त्याला सगळं ऐकू जातं, ही गोष्ट वेगळी.

आईला गावात एक मान होता, आणि तो सोयाबीनमुळे होता. पेरणीच्या आधी घरचं बियाणं उगवेल की नाही हे बघायला बाया तिच्याकडे यायच्या. काम तसं सोपं. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाण्याचा हात मारायचा, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचं. सत्तराच्या वर उगवले तर बिनधास्त पेरा. मोजता कुणालाही येतं. आईचा सगळा कटाक्ष दाणे कुठून घेतले यावर होता. लोक पोत्याच्या वरचे टपोरे दाणे ओंजळीत घेऊन यायचे आणि आई ती ओंजळ तशीच परत करायची.

"वरचे कायले आनता? पोतं आना," ती म्हणायची. "एक मूठ वरून, एक मधातून, एक तळातून. तळचे दाने दबलेले असतात, त्याईले वल लागलेली असते. ते पाह्यल्याबिगर मी काही सांगत नाही."

कुणी कुणी रागवायच्या. आपल्या बियाण्यावर हिचा भरवसा नाही म्हणजे काय, असं म्हणून तणतणत जायच्या आणि दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन यायच्या. जूनमध्ये आमच्या मांडवाखाली गुंडाळ्यांची रांग लागायची. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. घरभर ओल्या गोणपाटाचा वास असायचा, आणि मला तो वास फार आवडायचा.

तर पहिलं बोलावणं मोटरसायकलवर बसून आलं. अमरावतीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजचे सर, भर दुपारी, पॅन्टच्या पायाला चिखल, हातात गुळगुळीत कागदाचं पुस्तक. शाळेतून पास झालेल्यांची यादी घेऊन ते गावोगाव फिरत होते. मुलीला कॉम्प्युटर देतो म्हणाले, जणू पिशवीतून काढून हातातच देणार होते. पाहुणा ऐन जेवणाच्या वेळेला आला म्हणून आईनं पाटोडी केली. बेसनाच्या वड्या आणि वर लाल तर्रीचा रस्सा. सरांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, नाक पुसलं, आणि तरी त्यांनी रस्सा परत मागितला. तिथंच बाबा हरले. दुसऱ्यांदा वाढून घेणारा माणूस म्हणजे बाबांच्या लेखी सोयराच झाला. हात धुता धुता सरांनी माझी मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला मागितला, आणि बाबांनी कपाटातली प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी त्यांच्या हातात दिली.

"समजा पक्कं," बाबा म्हणाले.

मूळ कागद असे कुणाच्या हाती द्यायचे नसतात हे आज शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या घरी जेवलेल्या माणसाला नाही म्हणायची रीत नव्हती. आणि बाबांचं "समजा पक्कं" म्हणजे खरोखरच पक्कं असायचं. त्या दोन शब्दांवर लोकांनी त्यांच्याकडून बैल घेतले होते. मी तर खूशच होते. अमरावती! हॉस्टेल! पुढचे तीन दिवस मी कॉम्प्युटर इंजिनीअर होते. केस खांद्यापर्यंत कापायचे हेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

बुधवारी पोस्टमन आला. पाकीट परभणीहून होतं, सरकारी. आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी वर्गातल्या सगळ्यांचे सगळे फॉर्म एका बैठकीत भरून टाकले होते, त्यातलाच तो एक. मी तर विसरूनही गेले होते. जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात माझा नंबर लागला होता. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर राहावे, अन्यथा जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल. मी ते पत्र ओरडून वाचलं, अर्थातच, आणि पाच मिनिटांत चक्कीवर त्याची सभा भरली.

"पोट्टी बारा वर्स शिकली अन् ढोरायच्या मांगं जाईन का?" एकीनं विचारलं.

"अव सरकारी हाये ते! सरकारी सोडू नये," दुसरी म्हणाली.

"लग्नाले कोण तयार होईन?"

"ज्याच्या घरी म्हैस हाये तो!"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण माझी मात्र खरोखर पंचाईत झाली. सकाळी दात घासताना मला अमरावती हवी वाटायची आणि भाकर खाताना परभणी. एकदा वाटायचं, थंडगार खोलीत बसून कॉम्प्युटरवर बोटं चालवावीत. लगेच वाटायचं, आपल्याला गणित आवडतं कुठे? आणि जनावरांचं म्हणाल तर मी शेणगोठा केलेला होता, पण त्यात डॉक्टरकी काय असते हे मला काडीचं माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर ते डोलणंही मला आवडत होतं. दोन्हीकडून बोलावणं असण्याची मजा आयुष्यात फार वेळा येत नाही. बाबांना मात्र ही मजा कळत नव्हती. "इचार कायचा करून राह्यली?" ते म्हणाले. "अमरावतीचं पक्कं झालं ना?"

दिवे लागायच्या वेळेला आई हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं अमरावतीच्या सरांचं पुस्तक मांडीवर घेतलं. मधल्या दोन पानांवर दहा जणांचे फोटो होते, टाय बांधलेले, हसरे, आणि प्रत्येकाच्या खाली त्याला लागलेल्या नोकरीचं नाव. आईनं बोट ठेवत ठेवत ते मोजले.

"कालेजात पोट्टे किती असतात व?"

"शेकड्यानं असतील."

"मंग हे तं वरचे दाने झाले. तळचे कुठी हायेत?"

मला हसू आलं. आईला नाही आलं. तिनं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, मागच्या पानावरसुद्धा शोधलं, आणि मिटून ठेवलं. "उद्या कारंज्याले जाऊ," ती म्हणाली. "दोनी पोत्याच्या तळाले हात घालून पाहू. मंग काय ते ठरवू." बाबांना तिनं चुलीपुढूनच सांगितलं की पोट्टीचं बियाणं पाहून येतो. बाबांना वाटलं ती शेतीचंच काही बोलते आहे, आणि त्यांनी मान डोलावली.

मंगरूळपीरला गाडी बदलून आम्ही कारंज्याला पोचलो तेव्हा बाजारपेठ नुकती उघडत होती. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ती इतक्या भराभर चालत होती की मलाच धाप लागली. ती थेट स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरली. तिथे चष्मा कपाळावर चढवलेला एक वयस्कर माणूस मशीनवर झाकण दाबून उभा होता.

"भाऊ," आईनं चक्कीच्या आवाजात विचारलं, "नापास झालेले पोट्टे कुठी भेटतीन?"

दुकानातल्या तीन गिऱ्हाइकांनी एकदम वळून पाहिलं. एकानं आपला कागद खिशात घातला. दुकानदारानं मात्र चष्मा खाली घेतला आणि, कसं कोण जाणे, त्याला ते पटकन कळलं. फेरपरीक्षेचे फॉर्म, गुणपत्रिकांच्या नकला, सगळं त्याच्याच मशीनमधून जायचं. कारंज्यात कोण कितव्यांदा कशात नापास झालं हे त्याच्याएवढं कुणालाच ठाऊक नसणार. "कोनत्या कालेजचे पाह्यजेत?" त्यानं विचारलं, जसं काही आम्ही वह्याच मागत होतो. आईनं दोन्ही सांगितली. बिघडलेल्या कागदाच्या पाठीवर त्यानं अमरावतीची पाच नावं लिहिली आणि परभणीची दोन. "मी सांगतलं म्हनू नका," तो म्हणाला, आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाला सगळं सांगू लागला.

आईचा प्रश्न एकच होता. तिनं तो गाडीतच तयार केला असावा, कारण सगळ्यांना तिनं तो अगदी त्याच शब्दांत विचारला. पहिला मुलगा मामाच्या भांड्यांच्या दुकानात स्टीलचे डबे पुसत बसला होता. प्रफुल्ल त्याचं नाव. आईनं त्याची विचारपूस केली, पाणी मागून प्यायली, आणि म्हणाली, "बाळा, तू परत अठराचा झाला तं परत तथीच जाशीन का?"

त्याचा हात डब्यावरच थांबला. "काकू," तो म्हणाला, "मी परत अठराचा झालो तं पहिले घरी सांगीन का मले गनित येत नाही. तेव्हा सांगाची हिंमत झाली नाही." त्यानं कॉलेजला नावं ठेवली नाहीत. शिकवणारे बरे होते म्हणाला, मेसच्या भातालासुद्धा चांगलं म्हणाला. आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर आल्यावर डाव्या हाताचं एक बोट मिटलं. दुसऱ्यानं दारातूनच आम्हाला वाटेला लावलं. आईनं दुसरं बोट मिटलं. तिसरा नाही म्हणाला, चौथी एक मुलगी होती, ती मात्र झटकन म्हणाली, "हो, जाईन! दोन विषय राह्यले, काढून टाकीन." आईला तिचं फार कौतुक वाटलं आणि तिच्यासाठी तिनं उजव्या हाताचं बोट मिटलं. पाचवा पुण्याला गेला होता. ऊन चढत होतं, आम्ही गल्ल्या तुडवत होतो, आणि मला इतकी मजा येत होती की भूक लागल्याचंही कळलं नाही. आपल्या एका जिवासाठी एवढी चौकशी चाललीय हे डोक्यात गेलं होतं, दुसरं काय!

परभणीच्या पहिल्या मुलाशी झेरॉक्सवाल्याच्याच फोनवरून बोलणं झालं. तो नुसतं "हो, जाईन ना काकू," म्हणाला आणि फोन तुटला. दुसरी शुभांगी, जैन मंदिराच्या मागच्या गल्लीत राहायची. शरीररचनेच्या विषयात दोनदा नापास होऊन घरी आलेली. आम्ही गेलो तेव्हा ती परसात म्हशीला पाणी पाजत होती.

"परत तथीच?" ती हसली. "काकू, मी दोनदा नापास झाली. घरचे म्हने सोड. मी म्हटलं, तिसऱ्यांदा बसीन, चौथ्यांदा बसीन, पन सोडनार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुहा नंबर लागला का? मंग ये इकडे. काही ऐकवतो तुले."

तिनं घरातून डॉक्टरची नळी आणली, माझ्या कानात घातली आणि दुसरं टोक म्हशीच्या डाव्या बरगडीमागच्या खळग्यावर टेकवलं. मला काहीच ऐकू येईना. "थांब, घाई नको करू," शुभांगी म्हणाली. "ते येते." मी श्वास धरून उभी राहिले. म्हशीचा उबदार वास, माझ्या स्वतःच्या कानातली सूं-सूं, आणि मग ते आलं. खूप खोलातून, चक्कीचा पट्टा चढवताना आधी जसा घरघराट येतो तसं काहीतरी उठलं, जवळ जवळ आलं, कानाखालून गेलं आणि विरलं. पुन्हा शांतता. आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. "आलं! आलं!" मी अशी किंचाळले की म्हशीनं बादलीत पाय घातला. शुभांगी सांगत होती की हे पोटाचं फिरणं आहे, ते थांबलं की जनावर आजारी समजायचं, आणि जनावर काही बोलत नाही म्हणून हे आपण ऐकायचं असतं. मी अर्धं ऐकत होते. मला फक्त ती नळी कानातून काढायची नव्हती.

शेवटी आईनं ती माझ्याकडून ओढूनच घेतली. पदराखालून कानात घातली, डोळे मिटले, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मी बघत राहिले. "वा व माय!" ती म्हणाली. "अंदर तं बैलगाडी चालून राह्यली!" आणि तिनं ती नळी माझ्यापेक्षाही जास्त वेळ कानात ठेवली. तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. मला ती म्हातारी वाटायची. आज मी तिच्या त्या वयापेक्षा मोठी आहे, आणि आरशात पाहताना मला कधीकधी लाज वाटते की त्या दिवशी मी तिला काहीच विचारलं नाही.

परतताना स्टँडवर आम्ही गरम भजी खाल्ली. आईनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "अमरावतीचे चार भेटले, त्यातला एक हो. परभणीचे दोन, दोनी हो."

"म्हणजे परभणी!" मी म्हणाले.

"नाई व. दोन दान्यावर उगवन कोनी सांगते का? शंभर पाह्यजेत. मी नाही सांगू शकत. आता तू सांग."

मला असा राग आला! दिवसभर मला उन्हात फिरवलं, अनोळखी घरांत नेलं, नापास लोकांच्या दारात उभं केलं, आणि आता म्हणते तू सांग! मी भजी कागदात तशीच ठेवून उठले आणि ओरडले, "मले परभणीले जायाचं हाये!"

"परभनी गाडी इथून नाही, वाशीमहून भेटन," चौकशीच्या खिडकीतून उत्तर आलं. आई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण माझं बोलून झालं होतं. मी पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं, स्वतःसाठी काही मागितलं होतं, आणि ते ऐकून माझं मलाच कळलं की हे आपल्याला सकाळपासून नाही, म्हशीपाशी उभी असल्यापासून हवं आहे.

हसू घरी पोचेपर्यंतच टिकलं. कागद अमरावतीला होते, हातात दोन दिवस, आणि बाबांचा शब्द गेलेला. ते मांडवाखाली फवारणीचा पंप खोलून बसले होते. मी सगळं सांगितलं, शुभांगीचं, नळीचं, म्हशीचं. त्यांनी पाना खाली ठेवला नाही.

"मी शब्द देल्ला त्याईले," ते म्हणाले. "मानूस आपल्या घरून जेवून गेला. आता काय म्हनू, का पोट्टीनं म्हशीचं पोट ऐकलं?"

बाबा वाईट बोलत नव्हते, हेच अवघड होतं. माझं सगळं त्या पिशवीत अडकलं होतं आणि ती पिशवी बाबांच्या शब्दात. तेव्हा आई पुढे आली आणि तिनं त्यांना अगदी तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता विचारलं, "तुमी परत अठराचे झाले तं परत हेच करसान का?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग पाना ठेवला, हात पुसले आणि गोठ्याकडे निघून गेले. मी रडले. आई मला उगी राहा म्हणाली नाही, ती भाकरी करत बसली. चार जास्तीच्या केल्या. मला वाटलं दुःखात चुकून झाल्या.

शुक्रवारी उजाडता उजाडता बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "चाल," ते म्हणाले. "कागद आनू." मी केस विंचरायलाही थांबले नाही. आईनं त्या चार भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला.

अमरावतीच्या कॉलेजचं ऑफिस गारेगार होतं, काचेची दारं, मऊ सोफे, आणि सोफ्यांवर आमच्यासारखेच मांडीवर पिशव्या धरून बसलेले आईबाप. सर भेटले. बाबांनी आधी त्यांना हात जोडले.

"सर, मी शब्द देल्ला होता अन् तो मोडाले आलो. माफी करा. पन शब्द माहा होता, जलम तिचा हाये. कागद द्या."

सर गोड बोलले. कागद युनिव्हर्सिटीत गेलेत म्हणाले, आठ-पंधरा दिवसांनी चौकशी करा म्हणाले. शनिवार उद्या होता. पण बाबा रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. ते सोफ्यावर ऐसपैस मांडी घालून बसले.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "तुमी माह्या घरी पाहुने होते, आता मी तुमचा पाहुना. कागद येईस्तोर थांबतो. जेवनाची तकलीफ घेऊ नका, आमी घरून आनलं." आणि त्यांनी फडकं सोडलं.

ठेच्याचा वास त्या बंद खोलीत असा पसरला की टेबलामागची बाई शिंकायला लागली. बाबांनी शेजारच्या माणसाला भाकरीचा तुकडा दिला, त्याच्या बायकोला दिला, सरांनाही आग्रह केला. "घ्या ना, तुमाले तिखट चालते, मले मालूम हाये." लोक विचारू लागले, काय झालं? बाबा सगळ्यांना हसतमुखानं सांगत होते. तक्रार म्हणून नाही, सोयरिकीची गोष्ट सांगावी तसं. "काही नाही, पोरीचे मूळ कागद आमी यायले देल्ले, ते युनिव्हर्सिटीत गेले. येऊन राह्यले." पहिल्यांदा एका माणसानं टेबलावर ठेवलेला आपल्या कागदांचा लिफाफा हळूच उचलून पिशवीत घातला. मग दुसऱ्यानं. तिसऱ्याची बायको नवऱ्याला कोपरानं ढोसू लागली. दुसरी भाकर संपायच्या आत आमची प्लास्टिकची पिशवी बाजूच्या खोलीतल्या कपाटातून निघाली. बाबांनी एकेक कागद माझ्याकडून तपासून घेतला, सरांना पुन्हा हात जोडले, आणि मनापासून म्हणाले, "कधी आमच्याकडं आले तं जेवाले याच." आयुष्यात मी पुष्कळ शूर माणसं पाहिली, पण त्या सोफ्यावर मांडी घातलेले बाबा मला त्या सगळ्यांत वरचे वाटतात.

त्या संध्याकाळी आम्ही वाशीमला एका नातेवाइकांकडे उतरलो आणि शनिवारी पहिल्या गाडीनं परभणी गाठली. रांग लांब होती. बाबांनी पिशवी छातीशी धरली होती आणि दर पाच मिनिटांनी आत हात घालून कागद आहेत ना ते पाहत होते. माझा नंबर जवळ आला तेव्हा ते एकदम बोलू लागले, समोरच्याच्या पाठीकडे बघत.

"मी तुह्याएवढा होतो तवा मामानं मले कारंज्याच्या दुकानात ठेवलं होतं. बसून काम, सावलीत. घरचे लय खूश. मी आठव्या दिवशी पायी पायी पळून आलो. मार खाल्ला, पन परत गेलो नाही." त्यांनी पुन्हा पिशवीत हात घालून पाहिलं. "तुले पळून याची पाळी नाही आली पाह्यजे. बस."

मी काही बोलणार तोच खिडकीतून माझं नाव पुकारलं. कागद गेले, शिक्का बसला, पावती आली. दुपारचे दोन वाजले होते आणि मी परभणीच्या कॉलेजची विद्यार्थिनी झाले होते. बाहेर कडुनिंबाच्या सावलीत येऊन बाबांनी चक्कीवाल्याच्या मोबाइलवर फोन लावला आणि आईला बोलवायला सांगितलं. ती धावत आली असावी, तिचा श्वास इकडे ऐकू येत होता.

"झालं व! झाली भरती!" बाबा ओरडले. रांगेतले सगळे बघायला लागले. "अन् ऐक, परवा तू मले इचारलं होतं ना? हो म्हन. परत अठराचा झालो तं शेतीच करीन. माहा एक हो धर तुह्या बोटावर."

"मले मालूम होतं," आई तिकडून म्हणाली.

आणि तेव्हा, त्या झाडाखाली, माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न आईनं अनोळखी पोरांना विचारला, नवऱ्याला विचारला, आणि तिला मात्र तो कुणीही विचारला नव्हता. मी बाबांच्या हातातून फोन घेतला.

"आई, अन् तू? तू परत अठराची झाली तं?"

पलीकडे नुसता चक्कीचा पट्टा फटफटत होता. मला वाटलं फोन तुटला.

"मी?" आई म्हणाली. इतक्या हळू आवाजात ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मग एकदम ती हसली. "मी तं तुह्या आंधी त्या लायनीत उभी राहीन, व पोरी."